इतके दिवस उपाशी, मग उपोषण सोडताना ज्यूसचे दोनच घोट का? कॅलरी, हार्मोन्स आणि हाडांचं गणित

१४ सप्टेंबर २०२३. जालना जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी गाव. मनोज जरांगे पाटील यांच्या उपोषणाचा सतरावा दिवस होता. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे स्वतः गावात आले, हातात ज्यूसचा ग्लास दिला आणि उपोषण सुटलं. त्याआधी ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारेंचं उपोषण तेराव्या दिवशी सुटलं तेव्हा दोन लहान मुलींनी त्यांना नारळपाणी आणि मध दिलं होतं.

महाराष्ट्राने असे फोटो इतक्या वेळा पाहिलेत की ग्लास ओठाला लागला की आपल्यासाठी बातमी संपते. कॅमेरे निघून जातात, मंडप उतरवायला घेतात.

डॉक्टरांचं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं. उपोषण सुटल्यावर माणसाला थेट घरी पंगतीला न बसवता दवाखान्यात का नेतात? अशक्तपणा हे त्याचं एक कारण. दुसरं कारण असं की, बरेच दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला अचानक पोटभर जेवण दिलं तर त्या जेवणानेच त्याचा जीव जाऊ शकतो.

हे वाचायला विचित्र वाटतं. इतके दिवस अन्न नव्हतं तेव्हा माणूस जगला आणि अन्न मिळाल्यावर दगावला, असं कसं होईल? पण असं झालेलं आहे, एकदा नाही तर अनेकदा. त्यामागे जो हार्मोन्सचा खेळ आहे, त्याचंच सौम्य रूप रोज १२०० कॅलरींचं डाएट करणाऱ्या कॉलेजच्या मुलीच्या शरीरातही चालू असतं. म्हणून हा विषय फक्त उपोषणकर्त्यांपुरता राहत नाही.

आधी १९४५ सालची गोष्ट

१५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बर्गेन-बेल्सन छळछावणीत पोहोचलं. आत साधारण ६० हजार माणसं होती. टायफसची साथ, हगवण आणि महिनोन्महिन्यांची उपासमार. सैनिकांनी माणुसकीने आपल्याकडे होतं ते दिलं, म्हणजे लष्करी शिध्यातले डबे, त्यातलं मांस, चरबी. ज्यांच्या आतड्यांना कित्येक महिन्यांत असं काही ठाऊकच नव्हतं, त्यांना ते झेपलं नाही. सुटका झाल्यानंतरच्या आठवड्यांत तिथे १३ हजारांच्या आसपास माणसं मरण पावली. यातले बहुतेक मृत्यू टायफस आणि उपासमारीच्या परिणामांनी झाले, सगळा दोष जेवणाला देता येत नाही. पण जड अन्नाने माणसं दगावतायत हे तिथल्या डॉक्टरांच्या लवकरच लक्षात आलं.

मग त्यांनी जे वापरून पाहिलं त्याचा संबंध थेट भारताशी आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात भुकेलेल्या लोकांसाठी दूध पावडर, पीठ, साखर, मीठ आणि पाणी यांचं एक मिश्रण वापरलं गेलं होतं. त्याचं नावच पडलं 'बंगाल फॅमिन मिक्श्चर'. बेल्सनमध्ये तेच आणलं गेलं. पण छावणीतल्या पूर्व युरोपीय कैद्यांना ते इतकं गोड लागलं की अनेकांनी तोंडच फिरवलं. भुकेने मरायला टेकलेल्या माणसालाही जिभेची सवय सुटत नाही, हे त्या डॉक्टरांना तिथे कळलं.

त्याच सुमारास अमेरिकन डॉक्टर युद्धात उपाशी राहिलेल्या जपानी युद्धकैद्यांवर उपचार करत होते. खायला मिळू लागल्यावर काही कैद्यांचं हृदय निकामी होत होतं. ही निरीक्षणं १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९८१ मध्ये अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट लिहिली. खूप दिवस कुपोषित असलेल्या दोन रुग्णांना शिरेतून भरपूर पोषण दिलं गेलं आणि ते दगावले. त्यांच्या रक्तातलं फॉस्फेट धोकादायक पातळीपर्यंत खाली गेलं होतं.

या प्रकाराला आज 'रिफीडिंग सिंड्रोम' म्हणतात. रिफीडिंग म्हणजे उपासमारीनंतर पुन्हा खायला देणं.

फॉस्फेट म्हणजे नेमकं काय आणि ते जातं कुठे?

कॅल्शियमची जाहिरात सगळ्यांनी पाहिलेली असते, फॉस्फरसला कुणी विचारत नाही. खरं तर प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतं. त्यातलं ८५ टक्के हाडं आणि दातांमध्ये असतं, बाकीचं बहुतेक पेशींच्या आत. रक्तात अगदी थोडं, एक डेसिलिटरमागे २.५ ते ४.५ मिलिग्रॅम एवढंच. शरीर त्याचा वापर प्रामुख्याने फॉस्फेटच्या रूपात करतं.

या थोड्याशा फॉस्फेटचं काम प्रचंड आहे. पेशी ज्या चलनात ऊर्जा खर्च करतात ते म्हणजे एटीपी, आणि एटीपीच्या प्रत्येक रेणूत तीन फॉस्फेट असतात. हृदयाचा ठोका, श्वास, डोळ्याची उघडझाप, सगळं याच चलनावर चालतं.

आता उपाशी माणसाच्या शरीरात काय होतं ते बघा. खाणं बंद झालं की पहिल्या काही दिवसांत इन्शुलिन खाली येतं. शरीर साखरेवरून चरबीवर जातं, स्नायूही थोडे थोडे मोडून वापरतं. या मोडतोडीत पेशींच्या आतलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बाहेर येतं आणि लघवीवाटे निघून जातं. म्हणजे गोदाम आतून रिकामं होत जातं. पण गंमत अशी की दुकानाच्या काउंटरवर माल दिसत राहतो. रक्ततपासणी केली तर फॉस्फेट नॉर्मल येऊ शकतं, कारण तपासणी फक्त रक्त बघते, पेशींच्या आत डोकावत नाही.

अशा माणसाला मग भात, शिरा, गोड ज्यूस असं भरपूर कर्बोदकांचं खाणं एकदम दिलं, की रक्तात साखर वाढते आणि इतके दिवस झोपलेलं इन्शुलिन जोरात उसळतं. इन्शुलिनचा आदेश साधा असतो: अन्न आलंय, आत घ्या. पेशी साखर आत घेतात. पण ती साखर वापरायला फॉस्फेट लागतं, म्हणून रक्तात जे थोडंफार उरलेलं असतं तेही पेशी ओढून घेतात. पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही त्याच दाराने आत जातात. साखर वापरायला बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिनही लागतं, आणि उपासमारीत त्याचाही साठा संपत आलेला असतो.

रक्तातलं फॉस्फेट मग कोसळतं. हे साधारण पहिल्या तीन-चार दिवसांत होतं. छातीखालचा श्वासाचा स्नायू थकतो, हृदयाची लय बिघडते, लाल पेशी स्नायूंना ऑक्सिजन नीट सोडत नाहीत, काहींना झटके येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आता तर खायला लागलाय, मग हे काय झालं?

म्हणून ग्लासातले दोन घोट. ज्यूस किंवा नारळपाणी हा काही जादूचा उपाय नाही, आणि त्या ग्लासमध्ये फॉस्फेट फारसं नसतंच. त्याचा उपयोग एवढाच की सुरुवात कमी कॅलरींनी होते. ब्रिटनमधल्या 'नाइस' या संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, पाच दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच न खाल्लेल्या माणसाला पहिले दोन दिवस त्याच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त अन्न देऊ नये. आणि उपवास दहा दिवसांहून जास्त झाला असेल तर सुरुवात किलोमागे दिवसाला १० कॅलरींपासून करावी. ५० किलोच्या माणसासाठी हे झाले ५०० कॅलरी. खाणं सुरू करण्याआधी थायमिन, आणि मग फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांच्या वारंवार तपासण्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपला एका दिवसाचा उपास यात येत नाही. एकादशीला तर आपल्याकडे 'एकादशी, दुप्पट खाशी' असाच प्रकार असतो, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी खाऊन फॉस्फेट कोसळेल अशी भीती बाळगायचं काहीच कारण नाही. पण फक्त पाण्यावर आठ दिवस किंवा त्याहून जास्त उपवास करणारे लोक महाराष्ट्रात आहेत. जैन समाजात पर्युषणाच्या काळात अठाई होते, काही जण महिनाभराचं मासक्षमणही करतात. तिथे पारणं हलक्या पदार्थांनी, थोडं थोडं करायची जुनी रीत आहे. फॉस्फेटचं नाव ठाऊक नसतानाही लोकांनी अनुभवातून हे ओळखलेलं दिसतं. पारण्याच्या दिवशी पाहुण्यांच्या आग्रहाला बळी पडून दोन लाडू जास्त खाल्ले जातात, तिथे मात्र घरच्यांनी थोडं कठोर झालेलं बरं.

कॅल्शियमचा कारभार कोण बघतं?

रिफीडिंग हे टोकाचं, वेगाने घडणारं नाट्य. दुसरं नाट्य हळू चालतं, इतकं हळू की वर्षानुवर्षं कळतच नाही. त्यात मुख्य पात्र आहे हाड.

प्रौढ माणसाच्या शरीरात एक किलोच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात असतं ते उरलेल्या एका टक्क्यातलंही थोडंसं. पण हे थोडंसं कॅल्शियम शरीर अतिशय काटेकोरपणे सांभाळतं, कारण ते कमी-जास्त झालं तर नसा आणि हृदय दोन्ही बिघडतात. हाडं म्हणजे बँक आणि रक्त म्हणजे खिशातले पैसे. खिसा रिकामा व्हायला लागला की शरीर विचार करत बसत नाही, बँकेतून काढतं.

हे पैसे काढायचं काम करतात मानेतल्या चार छोट्या ग्रंथी. थायरॉईडच्या मागे असतात, आकार जेमतेम मसुरीच्या दाण्याएवढा. त्यांच्या हार्मोनला पॅराथायरॉईड हार्मोन किंवा पीटीएच म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम जरा खाली गेलं की पीटीएच वाढतं. ते हाडातून कॅल्शियम सोडवतं, मूत्रपिंडाला सांगतं की कॅल्शियम लघवीत घालवू नको, आणि त्याच मूत्रपिंडात 'ड' जीवनसत्त्वाला कामाला लावतं. कामाला लागलेलं 'ड', म्हणजे कॅल्सिट्रिओल, आतड्यातून जेवणातलं कॅल्शियम ओढून घेतं.

यात एक पात्र उशिरा सापडलं, २००० साली. त्याचं नाव एफजीएफ-२३. हे हार्मोन तयार होतं हाडातच. रक्तात फॉस्फेट जास्त झालं की हाड हे हार्मोन सोडून मूत्रपिंडाला सांगतं, फॉस्फेट बाहेर टाक आणि कॅल्सिट्रिओल कमी कर. म्हणजे हाड हा नुसता सांगाडा नाही, हाड स्वतः एक ग्रंथी आहे. शाळेच्या पुस्तकातलं सांगाड्याचं चित्र आठवून बघा, त्यात हे कुठेच नव्हतं.

आता यात कॅलरींचा संबंध कुठे आला? पीटीएच रक्तातलं कॅल्शियम बघतं, एफजीएफ-२३ फॉस्फेट बघतं. पण ही माणसं काही स्वतंत्र नाहीत, त्यांच्यावर आणखी साहेब आहेत. इन्शुलिन, चरबीतून येणारं लेप्टिन, यकृतातून येणारं आयजीएफ-१, अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन, ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल. हे सगळे साहेब एकच गोष्ट बघत असतात, घरात खायला पुरेसं आहे का?

साधं उदाहरण म्हणजे रोजचं जेवण. हाड सतत मोडत आणि नव्याने बनत असतं. रात्रभर पोट रिकामं असतं तेव्हा मोडण्याचा वेग वाढतो. सकाळी काही खाल्लं, अगदी ग्लुकोजचं पाणी घेतलं तरी, एक-दोन तासांत हाड मोडल्याची रक्तातली खूण जवळपास निम्म्यावर येते. आतडं अन्न आल्याबरोबर जे हार्मोन्स सोडतं, ते हाडाला निरोप देतात की आता तोडफोड थांबवा, माल आलाय. हाडांची ही तपासणी सकाळी उपाशीपोटी करायला सांगतात ती याच कारणासाठी, नाहीतर नाश्त्यानेच आकडा बदलतो. एफजीएफ-२३ चंही तसंच. २०१८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की इन्शुलिन वाढलं की एफजीएफ-२३ ची निर्मिती दबते. म्हणजे ताटात काय पडलं ही बातमी हाडापर्यंत पोहोचायला दिवस लागत नाहीत, तास पुरतात.

फक्त पाच दिवसांत काय बिघडलं?

अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठात अॅन लाउक्स यांनी या प्रश्नावर अनेक वर्षं काम केलं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात नियमित पाळी येणाऱ्या २९ तरुण मुली होत्या. त्यांना पाच दिवस मोजून व्यायाम आणि मोजून खाणं दिलं.

यात मोजमापाची पद्धत समजून घ्यायला हवी, कारण ती सगळ्यांनाच उपयोगाची आहे. लाउक्स यांनी नुसत्या खाल्लेल्या कॅलरी मोजल्या नाहीत. खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामात खर्च झालेल्या वजा केल्या आणि उरलेल्यांना शरीराच्या चरबीविरहित वजनाने भागलं. म्हणजे व्यायामाचं बिल भरल्यावर बाकी शरीराच्या वाट्याला काय उरलं, ते. किलोमागे ४५ कॅलरी उरल्या तर तरुण मुलीचं घर नीट चालतं. प्रयोगात काही मुलींना ३०, काहींना २० आणि काहींना १० वर आणलं.

पाचच दिवसांत ३० वाल्या मुलींमध्येही नवीन हाड बनण्याच्या खुणा खाली आल्या. १० वर आणलेल्या मुलींचं इस्ट्रोजेन घसरलं, आणि हाड मोडल्याच्या खुणाही वाढल्या. म्हणजे आधी बांधकाम थांबतं, आणि उपासमार वाढली की पाडकाम सुरू होतं.

आता हाच हिशोब आपल्या ओळखीच्या मुलीला लावून बघू. वजन ५० किलो, त्यात २५ टक्के चरबी धरली तर चरबीविरहित वजन ३७.५ किलो. तिने इन्स्टाग्रामवरचा १२०० कॅलरींचा प्लॅन घेतला आणि संध्याकाळी ३०० कॅलरी जळतील एवढं धावली. उरल्या ९००. भागिले ३७.५, उत्तर २४. तिला स्वतःला ही उपासमार वाटणारच नाही. दोन पोळ्या, भाजी, सॅलड, ग्रीन टी, सगळं 'हेल्दी' चाललेलं असतं.

३० हा आकडा काही भिंतीसारखा पक्का नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलंय. कुणाला त्याच्या वर त्रास होतो, कुणाला खाली जाऊनही होत नाही, आणि पुरुषांचं गणित वेगळं असू शकतं. पण अंदाज घ्यायला तो बरा आहे.

तुलनेसाठी अजून एक आकडा. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांवर उपासमारीचा प्रसिद्ध प्रयोग केला. २४ आठवडे त्यांना दिवसाला सरासरी १५७० कॅलरींच्या आसपास खाणं दिलं आणि भरपूर चालायला लावलं. त्यांचं वजन साधारण एक चतुर्थांश घटलं, ते चिडचिडे झाले, उदास झाले, रात्रंदिवस जेवणाचे विचार करू लागले. ते पुरुष होते, अंगाने मोठे होते, त्यामुळे थेट तुलना बरोबर नाही. तरीही शास्त्रज्ञांनी ज्याला अर्धी उपासमार म्हटलं त्यापेक्षा कमी कॅलरींचे प्लॅन आज 'बिगिनर' म्हणून फॉरवर्ड होतात, हे खटकण्यासारखंच आहे.

पाळी थांबणं ही हाडांचीच बातमी

हे साहेब लोक एकमेकांशी कसे बोलतात? कॅलरी कमी पडल्या की चरबी आणि इन्शुलिन घटतं, तसं लेप्टिनही खाली येतं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने हे हार्मोन शोधलं. लेप्टिन कमी म्हणजे मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला निरोप: साठा कमी आहे. हायपोथॅलॅमस मग ज्याशिवाय आज भागेल त्या गोष्टी बंद करतो. त्यातली पहिली असते प्रजनन. अंडाशयाला जाणारे संकेत मंदावतात, इस्ट्रोजेन घटतं, पाळी पुढे जाते, मग थांबते.

इस्ट्रोजेन हे हाड मोडणाऱ्या पेशींवरचा ब्रेक असतं. ब्रेक सैल झाला की पंचविशीतल्या मुलीच्या हाडात रजोनिवृत्तीनंतरच्या बाईसारखी गळती सुरू होते. त्यातच आयजीएफ-१ कमी झाल्याने नवं हाड बनत नाही, आणि कॉर्टिसॉल वाढलेलं असतं, जे हाड बनवणाऱ्या पेशींना दाबतं आणि आतड्यातून कॅल्शियम घेण्यातही अडथळा आणतं. तीन बाजूंनी एकाच वेळी मार बसतो.

खेळाडूंमध्ये हे आधी लक्षात आलं. कमी खाणं, पाळी थांबणं आणि हाडं ठिसूळ होणं या तिकडीला १९९० च्या दशकात 'फीमेल अॅथलीट ट्रायड' नाव मिळालं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याची व्याख्या मोठी केली आणि 'रेड-एस' हे नाव दिलं, म्हणजे खेळातली सापेक्ष ऊर्जा कमतरता. यात पुरुष खेळाडूही आले. लांब पल्ल्याचे धावपटू, सायकलपटू, वजनी गटात खेळणारे कुस्तीगीर. नडगीच्या किंवा पायाच्या हाडाला बारीक चीर जाणं, ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, हे अनेकदा पहिलं लक्षण ठरतं.

आणि वय महत्त्वाचं. हाडांची बँक तिशीच्या आसपासपर्यंत भरली जाते, नंतर फक्त काढणं सुरू असतं. म्हणजे ज्या वयात डाएटचा नाद सगळ्यात जास्त असतो, तेच वय हाडांत भर घालायचं असतं.

मग कॅल्शियमची गोळी घेतली तर?

हा प्रश्न येणारच. उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात मिळतं, त्याचं नाव 'कॅलरी' असंच आहे. लठ्ठ नसलेल्या २१८ निरोगी लोकांपैकी एका गटाला दोन वर्षं खाणं २५ टक्क्यांनी कमी करायला सांगितलं. प्रत्यक्षात लोकांना साधारण १२ टक्केच जमलं, यावरून डाएट किती कठीण असतं ते कळतं. त्यांचं वजन दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, हृदयाच्या आरोग्याचे बरेच आकडे सुधारले. पण मणक्यांची आणि खुब्याची घनता घटली. या लोकांना कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिलेल्या होत्या, तरी.

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठातल्या अभ्यासाने याचं एक कारण दाखवलं. रजोनिवृत्तीनंतरच्या जास्त वजनाच्या बायकांनी कॅलरी कमी केल्या तेव्हा त्यांच्या आतड्यातून कॅल्शियम शोषलं जाण्याचं प्रमाणच घटलं. म्हणजे ताटात कॅल्शियम आहे, पण दारावरचा माणूस आत घेत नाही. गोळी घेऊन ताटातलं कॅल्शियम वाढवता येतं, पण हार्मोन्सनी 'घरात टंचाई आहे' असं ठरवलेलं असताना हाड बांधायचा आदेश गोळीतून येत नाही.

याचा अर्थ गोळी किंवा कॅल्शियम निरुपयोगी आहे असा नाही. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, त्यावर ताक, दही, तीळ, पालेभाज्या. डाएटमध्ये भाकरी आणि दूध हेच दोन आधी कापले जातात, हा आणखी एक घोळ.

अर्थात वजन कमीच करू नये असा निष्कर्ष काढायची घाई नको. ज्यांना मधुमेह आहे, गुडघे बोलायला लागलेत, ज्यांचं वजन खरंच जास्त आहे, त्यांना वजन उतरवण्याचा फायदा हाडांच्या थोड्या नुकसानीपेक्षा बराच मोठा असतो. प्रश्न आहे तो कसं उतरवायचं याचा. २०१७ मध्ये लठ्ठ ज्येष्ठ नागरिकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६० जण, सहा महिने. डाएटसोबत फक्त चालणं-सायकल असे एरोबिक व्यायाम करणाऱ्यांच्या खुब्याची घनता ३ टक्क्यांनी घटली. डाएटसोबत वजनं उचलणाऱ्यांची मात्र अर्ध्या टक्क्यानेच. दोन्ही करणाऱ्यांची एक टक्का. स्नायूने हाडावर ताण दिला की हाडाला वेगळा निरोप जातो, की मला अजून गरज आहे, मोडू नका. आजीला डंबेल्स देणं आपल्याकडे हसण्यावारी जातं, पण आकडे आजीच्या बाजूने आहेत.

डॉक्टरकडे कधी जायचं?

डाएट किंवा जोरदार व्यायाम सुरू केल्यावर सलग तीन महिने पाळी आली नाही, तर 'वजन उतरतंय म्हणून असेल' असं म्हणून सोडू नये. गरोदरपण, थायरॉईड, पीसीओएस अशी इतर कारणंही असू शकतात, त्यामुळे तपासणी लागतेच. पाळी चालू राहावी म्हणून नुसत्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या तर दर महिन्याला रक्तस्राव दिसतो, पण तो गोळ्यांमुळे असतो, कॅलरींची तूट तशीच राहते आणि मूळ बातमी झाकली जाते. पायाच्या एकाच जागी पळताना सतत दुखणं, तरुणपणी साध्या कारणाने हाड मोडणं, सारखी थंडी वाजणं, ही इतर लक्षणं. मुलांमध्ये पाळीसारखी घंटा नसते, त्यामुळे त्यांचं जास्त उशिरा कळतं.

आणि घरात कुणी आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल, मग ते उपोषण असो, धार्मिक उपवास असो, मोठं आजारपण असो किंवा दारूच्या व्यसनात जेवण सुटलेलं असो, तर पहिलं जेवण घरच्या स्वयंपाकघरात ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. रक्तात फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासायला सांगावं, आणि पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तरी खाणं सुरू झाल्यानंतरच्या दिवसांत ती तपासणी पुन्हा करून घ्यावी. रिकाम्या गोदामाची खबर काउंटरवर लागते ती तेव्हाच.